सुनेची उत्तरं

सिंधुबाईला सवाल विचारायला माणसं पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगावरची साडीसुद्धा तिची नव्हती. किल्लारीच्या भूकंपाला महिना उलटला होता. शिरढोणवाडीचा दगडमातीचा ढीग झाला होता आणि वाचलेली माणसं माळावर पत्र्याच्या शेडांत दिवस काढत होती. कुठून कुठून ट्रक यायचे, कपड्यांची गाठोडी टाकून जायचे. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं नेसायचं. सिंधुबाईच्या वाट्याला कुणाच्या तरी लग्नातली जरीची साडी आली होती. ती नेसून ती शेडाच्या दारात बसली होती आणि समोर शहरातली एक पोरगी मांडीवर कागद घेऊन विचारत होती, "त्या घटनेचे विचार इच्छा नसताना मनात येतात का? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, की नेहमी?"

"कोनती घटना?"

पोरगी गोंधळली. शेजारच्या शेडातली दानम्मा कानडी हेल काढून म्हणाली, "अगं, गाव पडलं ते इचारलालीय ती."

"मग तसं इचारा की माय," सिंधुबाई म्हणाली.

गाव पडलं त्यात तिची दोन लेकरं गेली होती. थोरला वैजनाथ आणि धाकटी शोभा. विसर्जनाची मिरवणूक बघून दोघं दमून आली होती आणि अंगणात आईजवळ झोपायचा हट्ट करत होती. "भाईर डास हायत, आत जाऊन आजीपशी झोपा," म्हणून तिनंच त्यांना आत ढकललं होतं. पहाटे दगडमातीचं माळवद आजीसकट तिघांवर खाली आलं. तिचा नवरा अमृतराव मुदखेडला सोयऱ्याकडं गेला होता म्हणून वाचला, ती अंगणात होती म्हणून वाचली.

"जे घडलं त्याबद्दल स्वतःला दोषी मानता का?" पोरीनं पुढचा सवाल केला. तेव्हा सिंधुबाईनं हे डासांचं सगळं सांगितलं. सांगताना तिचा ऊर फुटायचा बाकी राहिला. पोरीचेही डोळे भरले. पण तिनं मान खाली घातली आणि 'नेहमी'च्या चौकोनात फुली मारली. एवढ्या बोलण्याची ती एवढीशी फुली झाली, हे सिंधुबाईनं बघितलं.

मग मनाची पाहणी करणारी अशी माणसं येतच राहिली. गावाचं पुनर्वसन झालं, सरळ गल्ल्यांचं, एकसारख्या घरांचं नवं गाव उठलं. सरकारी दवाखान्यात नस परत जोडायचं ऑपरेशन बायकांना करून देऊ लागले, तसं सिंधुबाईनंही करून घेतलं, कारण दोन लेकरांवर तिनं आधी बंदीचं ऑपरेशन केलेलं होतं. तिला मुलगा झाला. अमृतरावानं त्याचं नाव वैजनाथच ठेवलं. "गेलेला परत आला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. सिंधुबाईला ते नाव तोंडातून काढायला जड जायचं. ती त्याला नुसतं 'बाळू' म्हणायची. पण सवालवाल्यांना हे परत येणं फार आवडलं. त्यांच्या कागदात त्याच्यासाठीही जागा निघाली.

गावात पथक आलं की सरपंच सरळ सिंधुबाईचं घर दाखवायचा. ती बोलायची नीट, रडायची तेही नीट, मधेच उठून जायची नाही. जाताना माणसं हात जोडायची, कधी टॉवेल द्यायची, कधी स्टीलचा डबा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "सिंधुबाईचं बरं हाय, बसल्या जागी मिळलालंय." या बोलण्याचं तिला लई लागायचं. पण आलेल्या माणसाला पाणी न देता परत पाठवायचं तिच्या रक्तात नव्हतं, तसं जवाब न देताही पाठवता येत नव्हतं.

एकदाच ती फसली. वैजनाथ शाळेत जायला लागला होता. एका पथकातल्या बाईनं विचारलं, "जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटतं का?" आणि सिंधुबाई खरं बोलून गेली. "वाटतंय की. इहिरीपशी गेलं की वाटतंय." झालं. बाईचा चेहरा उतरला, दुसरा कागद निघाला, फोनाफोनी झाली, आणि त्यांच्या जीपमधून सिंधुबाईला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बरे होते. गोळ्या दिल्या. पण जीप दारातून गेली ती सगळ्या गावानं बघितली. अमृतरावाला पारावर लोक विचारायला लागले, "मंडळीचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?" त्यानं गोळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि म्हणाला, "पुन्यांदा कुनी इचारलं तर न्हाई म्हनायचं. माझी इज्जत घालवू नकोस."

त्यानंतर ती नाही म्हणायला शिकली. सपनं पडतात का? न्हाई. झोप लागते का? लागते. मरावंसं वाटतं का? छे छे. पुढच्या खेपेला एका साहेबानं खुशीनं तिला सांगितलं, "मावशी, तुमच्यात खूप सुधारणा आहे." ती हसली. साहेबानं तेही लिहून घेतलं असावं.

अमृतराव गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. वैजनाथ मोठा झाला, पिकअप घेऊन सोयाबीनची भाडी मारू लागला. मेलेल्या भावाचं नाव अंगावर घेऊन वाढलेला हा पोरगा कमी बोलायचा. घरात पथक आलं की तो चपला घालून बाहेर पडायचा. एकदा मात्र तो आईला म्हणाला होता, "त्यांना सांग, मी परत आलेला न्हाई. मी पहिल्यांदाच आलोय." सिंधुबाईनं ते कुणालाच सांगितलं नाही.

त्याचं लग्न उदगीरच्या पुनमशी झालं. पुनम बोलकी, हसरी, भाजीत तिखट जास्त टाकणारी. सासूला ती 'आत्या' म्हणायची आणि आत्याच्या केसांना तेल लावताना दुनियेच्या गप्पा सांगायची. त्या घरात इतकं बोलणं सिंधुबाईनं कधी ऐकलं नव्हतं. मग पुनमला मुलगी झाली. सृष्टी नाव ठेवलं. माहेरचं बाळंतपण आटोपून पुनम परत आली, पण आली ती वेगळीच.

पोर रडायची आणि पुनम भिंतीकडं बघत बसायची. वेणी घालायची नाही. पोरीला पाजायची, पण बघायची नाही तिच्याकडं. पाजून झालं की गठुडं ठेवावं तशी बाजूला ठेवायची. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी लागलंय. वैजनाथ म्हणाला, "नाटकं हायत. मुलगी झाली म्हनून तोंड पाडून बसलीय."

एके दुपारी तूर निवडताना सिंधुबाईनं सूप खाली ठेवलं. काय विचारावं ते तिला सुचेना. आणि मग जे सवाल तीस वर्षं तिला विचारले गेले, तेच तिच्या तोंडी आले. फक्त ते तिनं आपल्या बोलीत विचारले.

"पुनम, झोप लागती का ग माय?"

"न्हाई."

"पोर निजल्यावरबी?"

"पोर निजली तरी न्हाई."

"आपलंच चुकलं आसं वाटतंय का?"

पुनमनं पहिल्यांदा मान वर केली. "सगळंच चुकलंय, आत्या. मी तिची आई न्हाई. तिला दुसरी कुनीतरी पायजे होती."

सिंधुबाईनं सूप आणखी लांब सरकवलं. शेवटचा सवाल विचारायचा की नाही, हे तिला कळेना. विचारला नाही तर बरं, असं वाटलं. तरी तिनं विचारला. "मरावंसं वाटतंय का?"

"हाव," पुनम म्हणाली. दळण आणायचंय का विचारल्यावर म्हणावं, तसं साधं. "तिला घेऊन जावं का ठेवून, एवढाच इचार करलालेय."

त्या संध्याकाळी वैजनाथ घरी आल्यावर सिंधुबाईनं त्याला दारातच गाठलं. "तिला दवाखान्यात न्यायला पायजे. लातूरला."

"कशाला?"

"तिच्या मनाचं बरं न्हाई."

वैजनाथनं पिकअपची किल्ली खिशात टाकली. "तुला एकदा नेलं होतं ना लातूरला? शाळेतली पोरं मला काय म्हनायची म्हाईतंय का तुला? येडीचा पोरगा म्हनायची. आता माझ्या पोरीला येडीची पोरगी म्हनायचं हाय का?"

"बाळू, मी जवाब देऊन देऊन म्हातारी झाले. मला कळतंय तिचं."

"तीस वर्षं कागद भरले त्यांनी तुझे. काय झालं? बरी झालीस?" त्यानं विचारलं. तो पुढं म्हणाला, "तिला गावाच्या भाईर न्यायचं न्हाई. बाळंतपनाचं आसतंय, होईल कमी."

तो भाड्यावर गेला तेव्हा तिनं आपल्या मतानं पुनमला घेऊन तालुक्याचा दवाखाना गाठला. मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात आणि या आठवड्यात ते रजेवर आहेत, असं कळलं. तिथल्या नर्सनं पुनमला लोहाच्या गोळ्या दिल्या. परतताना एसटीत पुनम सृष्टीला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती, आणि सिंधुबाईनं सगळी वाट तिच्या साडीचा पदर मुठीत धरून ठेवला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पथक आलं. भूकंपाला तीस वर्षं झाली म्हणून जुन्या माणसांना पुन्हा विचारायचं होतं. या वेळी कागद नव्हते, टॅब होता. विचारणारी मुलगी नांदेडची, मनतशा नावाची. मानसशास्त्र शिकलेली आणि या कामापुरती घेतलेली. तिनं पायातले बूट काढून ठेवले, जमिनीवर मांडी घातली आणि विचारलं, "मावशी, सुरू करू का?"

"माझं ऱ्हाऊ दे. आधी हिला इचार," सिंधुबाईनं आतल्या दाराकडं बोट केलं. पुनम तिथं पोरीला घेऊन बसली होती.

मनतशानं यादी बघितली. "वहिनी यादीत नाहीत, मावशी. भूकंपाच्या आधी जन्मलेल्यांनाच विचारायचंय."

"तिला मरावंसं वाटतंय म्हनते मी. माझं काय इचारतीस? माझं गाव पडून तीस वर्षं झाली. तिचं आत्ता पडलालंय."

मनतशानं पुनमकडं नीट बघितलं आणि तिचा हात थांबला. ती उठून अंगणात गेली, साहेबांना फोन लावला. तिचं बोलणं आत ऐकू येत होतं. "नाही सर, यादीत नाही. हाँ सर, पण हालत ठीक नाही. हाँ... बरोबर आहे सर... परवानगी नाही आपल्याला." परत आली तेव्हा तिची नजर जमिनीवर होती. "सर म्हणतात, आपण विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं तर जिम्मेदारी आपली होते. मी एक नंबर लिहून देते, मावशी. त्यावर फोन करा. मोफत आहे."

"फोन तिच्या नवऱ्यापाशी आसतोय, माय."

सिंधुबाई त्या टॅबकडं बघत होती. एकदा आपण 'वाटतंय' म्हणालो होतो तेव्हा काय काय हललं होतं, ते तिला आठवलं. आणि अमृतरावाचं तोंडही आठवलं.

"बरं," ती म्हणाली. "इचार माझं."

मनतशानं विचारायला सुरुवात केली. झोप? न्हाई. पोर निजल्यावर... असं म्हणता म्हणता ती थांबली आणि म्हणाली, न्हाई, कधीच लागत न्हाई. कशात मन लागतं का? न्हाई. आपलंच चुकलं असं वाटतं का? सगळंच चुकलंय. सिंधुबाई सुनेचे जवाब एकेक करून आपल्या नावावर घालत होती. खोटं बोलायची तयारी करून ती बसली होती. पण दोन-चार सवालांनंतर तिच्या ध्यानात आलं की खोटं बोलायला तिला जोर लावावा लागतच नाहीये. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुनमसाठी की स्वतःसाठी, तिला सांगता आलं नसतं.

"मरावंसं वाटतं का?"

"नेहमी," सिंधुबाई म्हणाली. "आज, उद्या, कवाबी करीन मी. इहीर लांब न्हाई."

मनतशानं टॅब खाली ठेवला. तिनं सासूकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. तिला कळलं होतं, हे सिंधुबाईला कळलं. पण यादीतल्या माणसानं असा जवाब दिला तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचा नियमच होता, आणि नियम मोडायचं मनतशाच्या हातात नव्हतं.

"मावशी, सोबत कोण येईल?"

"सून यील. आन् ही चिमणी. मी हिला सोडून कुठं जात न्हाई."

जीप दारातून निघाली तेव्हा गल्लीतल्या बाया ओट्यावर उभ्या राहिल्या. या वेळी सिंधुबाईनं पदरानं तोंड झाकलं नाही.

लातूरच्या दवाखान्यात तिचं नाव पुकारलं तेव्हा तिनं पुनमला खांद्याला धरून डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "बाई, नाव माझं हाय, दुखनं हिचं हाय. आता मला भाईर काढायचं तर काढा." डॉक्टरीणबाईंनी कुणालाच बाहेर काढलं नाही. दोघींचे दोन वेगळे केसपेपर केले. पुनमला दाखल करून घेतलं. सिंधुबाईला विचारलं, "आणि तुम्ही जे सांगितलंत, ते सगळं सुनेचं?" सिंधुबाई बराच वेळ सृष्टीचं अंगडं नीट करत राहिली. मग म्हणाली, "अर्धं." तिलाही गोळ्या दिल्या.

वैजनाथ दवाखान्यात आला तो दारातूनच ओरडत. पहारेकऱ्यानं आवरल्यावर कट्ट्यावर बसला आणि डोकं हातात धरलं. "आई, तू माझं घर मोडलंस," एवढंच तो म्हणाला. पुनमला बघायला वर गेला नाही.

पुनमला हळूहळू गुण आला. आधी झोप आली, मग भूक, मग एक दिवस तिनं पोरीच्या पायाचा अंगठा तोंडात घालून तिला हसवलं. सिंधुबाईनं ते खाटेच्या पायथ्याशी बसून बघितलं. सुट्टी झाली तेव्हा पुनमचे आईबाप तिला उदगीरला घेऊन गेले. महिना दोन महिन्यांत परत येईल, असं सगळेच म्हणत होते.

ती आली नाही, कारण वैजनाथ आणायला गेला नाही. गेला तो बैठकीला. पुनमच्या बापाच्या दारात सतरंजी अंथरली, दोन्हीकडची चार जाणती माणसं बसली, चहा झाला, आणि वैजनाथच्या चुलत्यानं, शेषेरावानं, खिशातून पुनमच्या केसपेपराची झेरॉक्स काढून सगळ्यांच्या मधे ठेवली. "हे बघा. डॉक्टरनीच लिहून दिलंय. पोरीचं डोकं फिरलेलं हाय. आमची फसवनूक झाली."

पुनमचा बाप कागदाला हात न लावता म्हणाला, "तिला बरं वाटलंय आता. नंतरचे सगळे पेपर बघा की."

"नंतरचे कोन बघतंय?" शेषेराव म्हणाला.

आत दाराआड पुनम उभी होती. वैजनाथबरोबर आलेल्या, उंबऱ्याशी बसलेल्या सिंधुबाईला तिच्या बांगड्या ऐकू आल्या. बैठकीत बायकांनी बोलायची रीत नव्हती, तरी सिंधुबाई बोलली. "भावजी, हिला मीच नेलं होतं दवाखान्यात. मी नेलं नसतं तर हितं बैठक बसली नसती, तेरवी झाली आसती. आन् तसाच कागद माझ्याबी नावाचा हाय. तो बी काढा झेरॉक्स. मग मलाबी काढा घराच्या भाईर."

वैजनाथ मान खाली घालून म्हणाला, "तुझं येगळं हाय. तू आई हायस."

"मग ती कोन हाय? तिला लेकरू न्हाई का?"

संमतीनं सोडचिठ्ठी घ्यायची ठरली. सृष्टी आईकडं राहणार, असं वैजनाथनंच सुचवलं. त्याला ती नकोच होती, असं शेषेराव वाटेत बोलला. सिंधुबाईला वाटलं, नको नव्हती, त्याला भीती वाटत होती. पण वाटण्याचा काय उपयोग.

पुनम आता उदगीरला एका कापडाच्या दुकानात काम करते. सिंधुबाई या उन्हाळ्यात एकदा एसटीनं तिच्याकडं जाऊन आली. कुणाला सांगितलं नव्हतं. मनात एकच होतं, पुनमला म्हणायचं, चल घरी, मी आहे. सृष्टी चालायला लागली होती. आजीला बघून ती आईच्या पायामागं लपली आणि उचलून घेतल्यावर रडायला लागली. सिंधुबाईनं तिला खाली ठेवलं.

पुनमनं चहा केला. गोड जास्त झाला होता. ती तोंड भरून बोलली, दुकानाचं, मालकाचं, गिऱ्हाइकांचं. मग मधेच थांबून म्हणाली, "आत्या, तुमी नेलं नसतं तर आज मी आन् ही दोघी न्हाई. हे मी कधी इसरनार न्हाई. पन त्या घराचं नाव काढू नका माझ्यापशी. तुमी त्याच्यासाठी आला आसाल तर आत्ताच सांगा."

"छे ग," सिंधुबाई म्हणाली. "सहज आले व्हते. पोरीला बघायला."

"गोळ्या घेताव का टायमावर?"

"घेतेय की," ती म्हणाली. गोळ्या संपून तीन महिने झाले होते.

पुनम तिला स्टँडवर सोडायला आली, पण दुकानाची वेळ झाली म्हणून बस लागायच्या आधीच परत गेली. सिंधुबाई फलाटाच्या कट्ट्यावर बसून राहिली. पहिली बस लागली, ती गर्दी बघून सोडली. दुसरीत जागा होती, तरी ती उठली नाही. कंडक्टरनं खाली वाकून विचारलं, "मावशी, यायचं न्हाई का?"

"यायचंय की," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.